सत्तावन्नाव्या वर्षी रेसिंगचं खूळ, आणि पत्रात एकदाच आलेला जानेवारी

पत्र थोडक्यात : वर्धा जिल्ह्यातले हे वाचक ५७ वर्षांचे आहेत. कपाशी आणि संत्र्याची शेती, जोडीला जिनिंग (कापसातली सरकी काढायचा कारखाना). समृद्धी महामार्गात काही एकर गेली, त्याचा मोबदला बँकेत आहे. दोन वर्षांपूर्वी भाच्यानं त्यांना कोइम्बतूरला रेसिंगच्या दोन दिवसांच्या वर्गाला नेलं, तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. आता पन्नाशीपुढच्या तिघा ओळखीच्यांनी दुबई-अबूधाबीच्या हिवाळी हंगामात जीटी४ वर्गाची गाडी भाड्यानं घेऊन उतरायचं ठरवलंय आणि चौथी जागा यांना देऊ केलीय. पाच फेऱ्या (म्हणजे शर्यतीसाठी पाच वेळा तिकडे जाणं), वाट्याचा आकडा ९० लाखांच्या घरात. त्यातले पाच लाख त्यांनी घरी न सांगता भरले. मुलाला ते बँकेच्या मेसेजवरून कळलं. ३१ वर्षांचा मुलगा महिनाभर कामापुरतंच बोलतोय. पत्नी एकच वाक्य बोलल्या: "माह्या सासूच्या पाटल्या कशापायी गेल्या, इसरले काय?" (यांच्या वडिलांना शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा, नाद होता.) वाचकांना बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. ते विचारतात, या वयात हे खूळ शोभतं का, आणि घरच्यांची समजूत कशी घालू?

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. चार पानांत 'वय' हा शब्द अकरा वेळा आलाय, 'लोक' सात वेळा, आणि 'जानेवारी' एकदाच, तोही फेऱ्यांच्या तारखा सांगताना. माझा जीव त्या एका जानेवारीत अडकलाय. पण अकरा वेळा विचारलंत त्याचं उत्तर आधी देऊन टाकते.

शोभतं की नाही हे फेट्याबद्दल विचारावं, हौसेबद्दल विचारू नये. आणि ज्या खेळाचं तुम्ही म्हणताय, तो खेळ तर तुमच्यासारख्यांच्याच जिवावर उभा आहे. जीटी म्हणजे ग्रँड टूरर, मूळ इटालियन ग्रान तुरिस्मो: लांबच्या प्रवासाला वेगानं आणि आरामात नेणारी देखणी गाडी. तिच्या शर्यतींमधला जीटी३ हा वर्ग २००६ मध्ये सुरू झाला तोच मुळी हौशी चालकांना डोळ्यांसमोर ठेवून. खिशात पैसा आहे, पोटापाण्याचा धंदा वेगळा आहे, आणि शनिवार-रविवारी गाडी पळवायची आहे, अशा माणसांना तिकडे 'जंटलमन ड्रायव्हर' म्हणतात. जीटी४ त्याच्या खालची पायरी, गाडी थोडी मवाळ. आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे एफआयए, चालकांचे चार दर्जे ठरवते: प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ. हौशी माणूस ब्राँझमध्ये. आणि बऱ्याच शर्यतींचा नियमच असा की गाडीत एक तरी ब्राँझ हवा. फ्रान्समधल्या ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीतही आता जीटी३ गाड्यांना ही अट आहे. म्हणजे तिथले पंचविशीतले तरबेज चालक सत्तावन्न वर्षांच्या माणसाची वाट बघत असतात. यात प्रेम किती आणि चेकबुक किती, ते तुम्ही बाजारात आयुष्य काढलेलं माणूस, तुम्हाला काय सांगायचं.

हॉलिवूडचे नट पॉल न्यूमन सत्तेचाळिसाव्या वर्षी शर्यतीत उतरले. १९७९ मध्ये, चोपन्नाव्या वर्षी, ल माँला त्यांच्या पोर्शनं दुसरा नंबर काढला. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या डेटोनाच्या २४ तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात जिंकलेल्या संघात ते होते, तेव्हा वय ७०. हे उदाहरण मुलाच्या तोंडावर फेकायला देत नाहीये. न्यूमन १९७२ ला छोट्या गाडीत बसले आणि ल माँला पोचायला त्यांना सात वर्षं लागली, तेवढं फक्त लक्षात ठेवा. तुम्ही दोन दिवसांच्या वर्गानंतर थेट दुबई म्हणताय.

वयाचं झालं. आता पाटल्या.

वहिनींच्या वाक्याला तुम्ही पत्रात 'टोमणा' म्हटलंय. मला तो टोमणा वाटला नाही. लहानपणी मी मामाच्या खांद्यावर बसून पट पाहिलेत, तळेगाव दशासरचासुद्धा. थंडीची सकाळ, धुरळा, हलका छकडा, त्याला जुंपलेली जोडी, आणि घड्याळ घेऊन बसलेली माणसं. जोडी सुटली की आवाज व्हायच्या आत संपलेलं असायचं. सेकंदाच्या तुकड्यावर निकाल आणि त्या तुकड्यावर घरंदारं. मधे २०१४ च्या निकालानं पट बंद पडले, डिसेंबर २०२१ मध्ये परत परवानगी मिळाली, तेव्हा कित्येक घरांत आनंद झाला आणि कित्येक घरांतल्या बाईमाणसांच्या पोटात गोळा आला. जोडीला दूध, अंडी, खारीक, आणि घरातल्या पोरांना पाण्यात कालवलेली भाकर, हे पाहिलेल्या बाया अजून आहेत. तुमच्या आई त्यांतल्या. वहिनी नवरी म्हणून आल्या तेव्हा सासूच्या मनगटांकडे त्यांचं लक्ष गेलं असेलच. नव्या सुनेचं पहिल्यांदा तिथंच जातं.

म्हणून मला वाटतं, त्यांची तक्रार गाडीबद्दल नाहीच. त्या तुम्हाला विचारतायत की या घरात हौसेचा पैसा पुन्हा न विचारता जाणार का. तुम्ही त्याचं उत्तर देऊन बसलात: पाच लाख न विचारता गेले. समजूत घालायची असेल तर आधी समजूत कशाची काढायची ते नीट ओळखा. रेसिंग किती सुरक्षित झालंय याचे व्हिडिओ तुम्ही त्यांना दाखवलेत असं लिहिलंय. भाऊ, त्यांनी ते विचारलंच नव्हतं.

एक फरक मात्र तुमच्या बाजूचा आहे, तो सांगते. पटात मालक काठावर उभा राहतो आणि छकड्यावर धुरकरी जातो. हौस मालकाची, हाडं धुरकऱ्याची. जंटलमन ड्रायव्हर स्वतः स्टिअरिंगवर बसतो, हे मला आवडतं. बाबांनी जे दुसऱ्याच्या जिवावर केलं, ते तुम्हाला स्वतःच्या अंगावर घ्यायचंय. कदाचित ओढही तिथूनच आली असेल. तुम्ही लिहिलंय की कोइम्बतूरला पहिल्यांदा हेल्मेटची काच खाली केली तेव्हा 'बाबांचा वास आला'. पत्रातलं तेच एक वाक्य तुम्ही वकिली न करता लिहिलंय.

आता जानेवारी.

आखातात उन्हाळ्यात शर्यती घेणं अवघड, म्हणून तिकडचा हंगाम हिवाळ्यात. दुबईची २४ तासांची शर्यत २००६ पासून जानेवारीतच होत आली आहे, आणि हौशी लोकांची तिथं गर्दी असते. तिकडे पाच फेऱ्या म्हणजे गुरुवारी निघा, मंगळवारी परत या, असं पाचदा. सरावाचे दिवस वेगळे. आणि आपल्याकडे जानेवारी म्हणजे काय? फरदडीच्या (म्हणजे राखलेल्या कपाशीच्या उशिराच्या पिकाच्या) आधीचा सगळा कापूस आवारात. फाटकाबाहेर गाड्यांची रांग, रात्री उशिरापर्यंत रेचे (सरकी काढायची यंत्रं) चालू, सरकीचा ढीग एकीकडे, गाठी दुसरीकडे, ओला माल कुणी लपवून आणला त्यावरून भांडण, आणि एका ठिणगीत सगळं जाईल ही भीती अष्टौप्रहर. वर्षाची कमाई या तीन-चार महिन्यांत. तुम्ही नेमके तेच दिवस नसणार. मुलगा 'लोक काय म्हणतील' म्हणाला असं तुम्ही लिहिलंय. असेल म्हणाला. महिनाभर गप्प राहायला त्याच्याकडे याहून सबळ कारण आहे.

आणि पुढचं वाचून मी पेन्सिल खाली ठेवली. तुम्ही ओघात लिहून गेलात की 'जिनिंग आता पोरगाच पाहतो, फक्त चुकाऱ्याच्या चेकवर सही माझी असते.' फक्त! कास्तकाराचा चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, थांबला की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. एकतीस वर्षांचा मुलगा, दोन लेकरांचा बाप, आवारात शंभर माणसांसमोर उभा राहून म्हणतो, बाबा दुबईहून आले की चेक मिळेल. त्याची मान किती खाली जाईल, विचार करा.

तुम्हाला या खेळातली एक गोष्ट सांगते, तुमच्या भाच्यानं दाखवली नसेल. लांब पल्ल्याच्या जीटी शर्यतीत एक गाडी दोघं-तिघं-चौघं मिळून चालवतात. आपली पाळी संपली की गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यावर, आणायची आणि पुढच्याला सोपवायची. यूट्यूबवर कुठल्याही शर्यतीतली ही अदलाबदल हळू करून पाहा. उतरणारा पट्टे सोडतो, पाण्याची नळी आणि रेडिओची वायर काढतो, स्वतःच्या मापाची फोमची बैठक उचलून बाहेर येतो. मग पळून जात नाही. दारातून अर्धा आत वाकून पुढच्या चालकाचे खांद्यावरचे पट्टे ओढून घट्ट करतो, त्याची वायर जोडून देतो, टपली मारतो आणि दार लावतो. घामानं निथळत असतो, हात थरथरत असतात, पण आधी दुसऱ्याचे पट्टे. हौशी चालकाचा संघात मान कशावरून ठरतो, तर त्यानं किती वेगानं चालवली यापेक्षा गाडी न ठोकता, टायर न जाळता, पुढच्याच्या हातात धडधाकट दिली का यावर. तुमची वेळ चार-पाच सेकंदांनी जास्त असणार हे सगळ्यांनी धरलेलंच असतं.

तुम्ही घरची पाळी अर्धवट सोडून दुसरीकडे पाळी घ्यायला निघालात. अंगठा जिनिंगच्या चेकवर आणि पाय दुबईच्या ॲक्सिलरेटरवर. सहीचा अधिकार मुलाच्या नावे करून द्या. दुबईला जा अगर जाऊ नका, हे कराच, आणि सौदा म्हणून करू नका. 'मी तुला सही देतो, तू मला रेस दे' असं म्हणालात तर तो सही घेईल आणि मनात बापाला मोजून ठेवेल.

जिनिंग नसलेल्या वाचकांनी स्वतःचा जानेवारी शोधावा. प्रत्येक घरात असतो. कुणाच्या मुलीची बारावी, कुणाच्या सुनेचं बाळंतपण.

पैशाचं थोडं स्पष्ट बोलते, कारण तुमच्या सोबत्यांनी जो आकडा दिलाय तो मला अर्धाच दिसतोय. भाड्याच्या गाडीच्या करारात प्रवेश फी, टायर, पेट्रोल, मेकॅनिक यांतलं काय धरलंय आणि काय नाही ते ओळीओळीनं मागा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाडी ठोकली तर भरपाई कोणाची. सहसा ती ठोकणाऱ्याच्या अंगावर असते, ठरलेल्या रकमेपर्यंत किंवा पूर्ण. चौघांच्या गाडीत दुसऱ्यानं ठोकली तर तुमचा वाटा किती, आणि उरलेल्या फेऱ्यांचे पैसे परत मिळतात का, हे मैत्रीत विचारायला लाज वाटते. विचारा. कागदावर घ्या. परदेशी पैसे पाठवताना वर्षाला दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. रिटर्न भरताना ते वळते होतात किंवा परत येतात, पण तोवर अडकतात. म्हणजे तुमच्या ९० लाखांसाठी आणखी सोळा लाख हाताशी हवेत. घरच्या सीएला आजच विचारा. तुमच्या पत्रात सीएचं नाव कुठंच नाही, त्यावरून त्यालाही सांगितलेलं नसावं!

विम्याचंही तसंच. आपल्याकडच्या गाडीच्या विम्यात शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. अपघात विम्यातही मोटार शर्यत बहुधा वगळलेल्या गोष्टींच्या यादीत सापडते. पॉलिसीचं मागचं बारीक अक्षरातलं पान मुलाकडून वाचून घ्या. मुद्दाम मुलाकडून म्हणतेय.

तब्येत 'ठणठणीत' म्हणताय, ठीक. बीपीच्या गोळीचं नाव मात्र तुम्ही लिहिलं नाहीत आणि नेमकं तेच मला हवं होतं. बीटा-ब्लॉकर नावाचा एक औषधांचा वर्ग आहे, ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल ही त्यातली आपल्याकडे सर्रास दिली जाणारी नावं. हात स्थिर राहतात म्हणून मोटार शर्यतीत ती स्पर्धेदरम्यान उत्तेजकांच्या यादीत बंदी असलेली आहेत. बीपीच्या कित्येक गोळ्यांत लघवी वाढवणारं औषधही मिसळलेलं असतं, क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड, आणि त्यावर तर खेळात बाराही महिने बंदी आहे. म्हणजे सेवाग्रामच्या किंवा तालुक्याच्या डॉक्टरांनी भल्यासाठी दिलेली गोळी तिकडे गुन्हा ठरू शकते. वैद्यकीय कारणासाठी सूट मागता येते, पण आधी अर्ज करावा लागतो आणि ती मिळेलच असं नाही. हे वाचून गोळी परस्पर बंद करू नका, हात जोडून सांगते. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा, पर्याय विचारा, आणि त्याच फेरीत ट्रेडमिलवरची हृदयाची चाचणी आणि डोळ्यांचा पडदा-मोतीबिंदू तपासून घ्या. रात्रीच्या शर्यतीत मागून येणाऱ्या गाड्यांच्या आरशात पडणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपणार असतील तर ते कळायची जागा दवाखाना.

'आम्ही ४६ डिग्रीत वाढलो, गरमीचं काय सांगता' असं तुम्ही लिहिलंय. ४६ डिग्रीत आपण दुपारी कूलरसमोर कांदा खिशात ठेवून पडलेलो असतो, भाऊ. बंद जीटी गाडीच्या आत पारा पन्नाशी ओलांडतो, अंगात आगीला न जुमानणारे दोन-तीन थर, डोक्यावर फडकं, त्यावर हेल्मेट, मान सांभाळणारा हॅन्स, आणि सहा पट्ट्यांनी बैठकीला जखडलेलं शरीर. तासभर नाडी अशी पळते की जणू तुम्ही गिरडचा डोंगर न थांबता चढताय. ब्रेक घरच्या गाडीसारखा नसतो, मांडीनं दाबावा लागतो. आजपासून रोज तासभर भरभर चाललात, मानेचे-पायांचे व्यायाम केलेत, तर सहा महिन्यांनी तुमच्याकडे या विषयावर बोलायला काहीतरी असेल. चालायला वहिनींना घेऊन जा. कालव्याच्या रस्त्यावर माणसं बोलतात, दिवाणखान्यात टीव्ही बोलतो.

एका वाक्यावर मला रागवायचंच आहे. 'समृद्धीवर माझी गाडी दीडशेला हलत नाही, हात बसलेला आहे.' समृद्धीवर मर्यादा १२० ची आहे. तिथं समोर दमलेला ट्रकवाला असतो, टायर फुटलेली जीप असते, लग्नाहून परतणारं अख्खं कुटुंब झोपलेलं असतं. सरळ रस्त्यावर पाय दाबून ठेवायला हात बसलेला लागत नाही. ट्रॅकवर वेग वळणात कळतो: कुठं सोडायचा, कुठं ब्रेक मारायचा, गाडीचं वजन पुढच्या चाकांवर कधी येतं. तुमच्या दीडशेचा तिथं काडीचा उपयोग नाही, उलट खोटी खात्री मिळते आणि ती पहिल्या वळणावर महागात जाते. चिखलदऱ्याच्या घाटात थार घेऊन 'रेस' लावणाऱ्या पोरांनाही हेच. त्या रस्त्यावर रानगवा उभा असतो.

आणि ट्रॅकवर निळा झेंडा असतो. मागून वेगवान गाडी येतेय, ती पुढं जाणार, एवढाच त्याचा अर्थ. नवख्या माणसाला तो अपमान वाटतो, किंवा तो घाबरून एकदम बाजूला होतो आणि अपघात करतो. मिश्र वर्गांच्या शर्यतीत हळू गाडीचं काम म्हणजे आपली रेषा धरून शांत चालवत राहणं, पुढं कसं जायचं ते मागचा बघेल. पहिल्या हंगामात हा झेंडा तुम्हाला फेरीगणिक दिसेल. आपल्याकडे बैलबाजारातून परतताना कुणी खाचर पुढं काढलं तरी चार दिवस चैन पडत नाही. तुम्हाला पडेल का? मी तरी स्वतःबद्दल खात्री देणार नाही.

मग करावं काय? तुम्ही जागा धरून ठेवायची की सोडायची एवढंच विचारताय. माझ्या मते या हंगामाची जागा सोडा. पाच लाखांतले परत मिळतील तेवढे घ्या, उरले ते शिकवणी समजा. तुम्हाला तसंही परदेशात उतरायला आंतरराष्ट्रीय दर्जाचं लायसन्स लागेल, ते आपल्या एफएमएससीआयकडूनच (देशातल्या मोटार शर्यतींची संघटना) मिळतं, आणि दोन दिवसांच्या वर्गाच्या प्रमाणपत्रावर ते हातात पडेल असं धरून चालू नका. आधी इथल्या शर्यती. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईला १९९० पासूनचा ट्रॅक आहे, ३.७ किलोमीटरचा. कोइम्बतूरचा तुम्ही पाहिलाच. सेवाग्रामहून रात्री गाडीत बसलात की दुसऱ्या दिवशी चेन्नई. पावसाळ्यात कापूस शेतात आणि रेचे बंद असताना वर्ग करा, सरावाचे दिवस घ्या, साध्या गाडीत एखादी शर्यत करा. शेवटून दुसरे या. मग घरी येऊन पाहा की हौस तेवढीच आहे का. पुढच्या वर्षी असेल तर दुबई कुठं जात नाही, आणि गाडीला ब्राँझ तर लागणारच आहे. भाच्याकडून घरी स्टिअरिंग-पेडलचा सिम्युलेटर लावून घ्या. दुबईचा ५.३९ किलोमीटरचा ट्रॅक त्यावर पाठ करता येतो. ऐन वळणावर लाइन गेली तर मात्र मला बोल लावू नका.

ज्यांच्याकडे समृद्धीचा मोबदला नाही, पण ओढ हीच आहे, अशांची चार पत्रं माझ्याकडे पडून आहेत. त्यांच्यासाठी टीएसडी रॅली हा प्रकार सांगते. वेळ, वेग आणि अंतर यांचा खेळ. आपलीच गाडी, वाहतुकीचे नियम पाळून, दिलेल्या सरासरीनं दिलेल्या जागी पोचायचं. उशिरा आलात तरी गुण कापतात, लवकर आलात तरी कापतात. शेजारी नकाशा आणि घड्याळ घेऊन बसणारा जोडीदार तेवढाच महत्त्वाचा. एका ओळखीच्या शिक्षक जोडप्यानं साठीत हे सुरू केलं. बाई गणिताच्या. गुरुजींना तीस वर्षांत पहिल्यांदा बायकोनं 'आता वेग कमी करा' म्हटल्यावर तो कमी करावा लागला. भाऊ, तुम्हीसुद्धा चेन्नईच्या आधी एखादी करून पाहा. तुमच्याच पत्रात आहे की जिनिंगच्या गाठींचा हिशोब वहिनी तोंडी करतात.

आता घरी बोलायचं कसं. समजूत घालायला बसू नका, हिशोब द्यायला बसा. तिघं बसा, मुलीला फोनवर घ्या. पहिलं वाक्य पाच लाखांचं असू द्या: न विचारता दिले, चुकलं. त्यापुढं 'पण' लावू नका. मोबदल्याची रक्कम किती, त्यातली मुलांची किती, म्हातारपणाची किती, आणि हौसेची म्हणून वेगळी काढायची तर किती, हे वहिनींच्या हातानं वहीत लिहून घ्या. जमीन तुमच्या नावावर होती, पण निंदण-वेचणीला चाळीस वर्षं वाकलेली पाठ त्यांची आहे. कदाचित त्या म्हणतील दहा लाख. कदाचित म्हणतील एक रुपया नाही. तो आकडा आला की घासाघीस करायची नाही, निदान त्या दिवशी. मुलानं भडकून काही जुनं काढलं तर काढू द्या, त्याचं बरंच साचलेलं दिसतंय.

आणि एक राहिलं. आईच्या पाटल्या गेल्या, एवढं तुम्ही लिहिलंत. त्या पुढं सोडवल्या का, कुणी सोडवल्या, की सावकाराकडेच राहिल्या, यातलं पत्रात काहीच नाही. तुम्हाला माहीत नसावं असं मला वाटतं. वहिनींना माहीत असणार. एखाद्या संध्याकाळी, गाडीचा विषय न काढता, तेवढंच विचारा.